बाटलीच्या गळ्यातलं सूत

आमच्या मजल्यावर घासलेटची बाटली ओळखायची ती तिच्या गळ्यातल्या सुतावरून. बाटल्या सगळ्यांच्या सारख्याच, काळपट हिरव्या, कुठल्यातरी औषधाच्या नाहीतर सरबताच्या. म्हणून प्रत्येक खोलीचं सूत ठरलेलं. आमचं निळं. शेजारच्या बाळंतिणीच्या घरचं पिवळं. खानावळवाल्या मावशीचं लाल, तेही दुहेरी, कारण मावशीचं सगळंच दुहेरी: बाटल्या दोन, चुली दोन आणि शिव्या दोन भाषांत. सूत गिरणीतून यायचं. वाइंडिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या लुगड्याला तुटके धागे चिकटून येतात, ते आमच्याकडे कुणी फेकत नाही. बाटलीच्या गळ्याला दोन वेढे, एक गाठ, आणि टोक बोटभर लोंबतं सोडायचं. खोक्यात बाटल्या उभ्या असल्या की आपली लांबूनच दिसते.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या बोटभर टोकावरून झालं. एका मेलेल्या माणसाची अब्रू त्या टोकाला धरून जाळण्यात आली. आणि जाळणारे फक्त पलीकडचे नव्हते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मुंबई महाराष्ट्राची की कुणाची, हा वाद दिल्लीत चालला होता आणि गोळ्या लालबाग-परळला चालल्या होत्या. संचारबंदी असायची. मधेच थोडा वेळ उठायची, तेवढ्यात दूध, पाव, पीठ, घासलेट जे मिळेल ते आणायचं. घासलेटच्या दुकानापुढे ही रांग. प्रत्येक घरातून एक माणूस उभा राहिला असता तर रांग भारतमाता टॉकीजपर्यंत गेली असती, म्हणून आमच्या मजल्याने ठरवलं होतं: सोडावाल्याकडचा कप्प्याकप्प्यांचा लाकडी खोका घ्यायचा, सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या आणि कुणीतरी एकानेच जाऊन भरून आणायच्या. त्या दिवशी गेला तो आमच्यापासून तिसऱ्या खोलीतला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. गिरणीच्या साचेखात्यातला, मागावरचा माणूस, बोलायला थंड, भजनात टाळ धरायचा तोही हळू. आम्ही पोरं त्याला चिडवायचो, "दादा, टाळ वाजवा, नुसते दाखवू नका." तो म्हणायचा, "देवाला ऐकू येतं रे. तुमच्या कानांचं तुम्ही बघा."

तो निघाला तेव्हा मी गॅलरीत होते. बाळंतिणीची सासू दारातून ओरडली, "अरे, माझी पिवळी आधी भर. पोराला ऊन पाणी नाही सकाळपासून."

"भरतो हो काकू, पिवळी आधी," म्हणाला आणि खोका खांद्यावर घेऊन उतरला.

बाटल्या भरून परत येताना नाक्यावर दगडफेक सुरू झाली होती. पोलिसांनी गोळी चालवली. दादा भिंतीला लागून उभा होता असं पानवाल्याने पाहिलं. गोळीला भिंत आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. खोका पडला, काचा झाल्या, घासलेट गटारापर्यंत वाहत गेलं. ज्या दोन-तीन बाटल्या शाबूत राहिल्या त्या पोलिसांनी उचलून नेल्या. प्रेत दिलं, पण बंदोबस्तात, घाईघाईने. वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, नीट रडूसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बड्या दैनिकात बातमी आली. नाव लिहीत नाही. सरकारच्या ओसरीवर बसून लिहिणारं पत्र, एवढं म्हटलं की मुंबईत सगळ्यांना कळतं. मथळा होता, जाळपोळीस निघालेला गुंड ठार. खाली लिहिलं होतं की मृताजवळ ज्वालाग्राही द्रवाने भरलेल्या बाटल्यांचा खोका सापडला आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडाला पेटवण्यासाठी रंगीत वात बांधलेली होती.

वात! माझ्या आईने स्वतःच्या हाताने बांधलेलं निळं सूत. मी तो पेपर तीनदा वाचला आणि चौथ्यांदा वाचण्याऐवजी भिंतीवर बुक्की मारली. बातमी लिहिणारा लालबागला आलेला नव्हता हे उघड होतं. आला असता तर ज्या दुकानातून घासलेट घेतलं ते दुकान शंभर पावलांवर होतं, आणि अख्खी रांग तिथे साक्षीला उभी होती. पोलिसांनी फोनवर सांगितलं, त्याने कागदावर उतरवलं, रंग मात्र पदरचा घातला.

तरी मला धीर होता. आमचं साप्ताहिक होतं ना! गिरगावात एका छापखान्याच्या माळ्यावर त्याची कचेरी. मी त्याच छापखान्यात प्रुफं वाचते, आणि चळवळीची पत्रकं लिहिते. मॅट्रिकनंतर मला जे काही लिहिता आलं ते पत्रकांनी शिकवलं: वाक्य तोकडं ठेवा, शिवी द्यायची तर पुराव्यानिशी द्या, आणि खळ पातळ करू नका, नाहीतर कागद भिंतीवरून सुटतो. संचारबंदीमुळे मला त्या आठवड्यात गिरगाव गाठता आलं नव्हतं. मला वाटलं, आमचे लोक खरं ते छापतील.

साप्ताहिक आलं. पहिल्याच पानावर दादा. काळी चौकट. 'सत्तेच्या गाडीला चूड लावण्यास निघालेला वीर.' हाती अग्नी, छातीवर गोळी, ओठांवर घोषणा. म्हणजे ओसरीवाल्यांनी जे खोटं छापलं तेच आमच्यांनी उचललं, फक्त गुंडाच्या जागी वीर घातलं. वाती तशाच ठेवल्या. वातींवर एक अख्खा परिच्छेद होता.

वहिनीने तो वाचायला मागितला. मी दिला. तिने वाचून घडी घातली आणि म्हणाली, "ओठांवर घोषणा? त्यांच्या ओठात विडी असायची गं. ती पण घासलेट घेऊन यायचं म्हणून त्या दिवशी इथेच ठेवून गेले." आणि कोनाड्यातली विडी तिने मला दाखवली.

एवढ्यावर मी चिडले असते, भांडले असते, आणि कदाचित गप्पही बसले असते, कारण चळवळीत भांडणाला तोटा नसतो. पण आबा आले.

आबा म्हणजे दादाचे वडील. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि कुणाला न विचारता लालबागला चालत आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरी टोपी, बगलेत पिशवी. दादाला भाऊ नाही, मुलगी चार वर्षांची, तेव्हा बाराव्याला क्रियेला बसायचं ते आबांनीच. भटजींना सांगून ठेवलं होतं, तांदूळ निवडून ठेवले होते. आबा खोलीत आले, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, नातीला मांडीवर घेतलं, आणि पिशवीतून बड्या दैनिकाचं पान काढून जमिनीवर पसरलं. वाडीतल्या दुकानात मास्तरांनी ते सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं होतं.

"ह्या खरा काय?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाली, "नाही हो मामंजी. घासलेट आणायला गेले होते. मजल्याचं."

आबांनी मान वळवली. त्यांची नजर दाराकडे होती. दाराबाहेर, जिन्याजवळच्या भिंतीवर, आमच्याच कुणा उत्साही कार्यकर्त्याने साप्ताहिकाचं पहिलं पान चिकटवलं होतं. येताना त्यांनी ते अक्षर अक्षर लावत वाचलं होतं.

"सुने, तू माझी लेक. तू खोटा बोलूचस नाय," ते हळू म्हणाले. "पण ते सरकारचे. आणि ह्ये सरकारच्या विरुद्ध. दोगांनीय एकच छापल्यानी. मगे खोटा कसा आसतला?"

वैरी आणि मित्र दोघांची साक्ष जुळली की कुठलंही कोर्ट मान्य करील. आबा तर नुसते बाप होते.

आणि आगीचं त्यांना का लागलं होतं तेही वहिनीने मला गॅलरीत नेऊन सांगितलं. आबा लहान असताना भाऊबंदकीत कुणीतरी त्यांच्या घराला रात्री आग लावली होती. त्यांची आई आत होती. आबांच्या घरी चुलीतला निखारासुद्धा शेजाऱ्याला देताना झाकून देतात. गुंड म्हटलं असतं तर ते हसले असते, दारुडा म्हटलं असतं तरी पोटात घातलं असतं. आग लावायला गेला, हे ते पोटात घालू शकत नव्हते. संध्याकाळी ते आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझो झील जाळूक गेल्लो आसलो, तर माझ्या हातान त्याका पाणी नाय. माका नको सांगा तुमी. खरा काय ता आणून दाखया."

वहिनी आत गेली. तांदळाचं सूप पुन्हा पुढ्यात घेतलं आणि निवडलेले तांदूळ परत निवडायला लागली.

मग मी ठरवलं. बाराव्याच्या आत आबांच्या हातात खरं छापून द्यायचं. बोलून नाही. छापून. कारण छापलेल्याने घातलेला घाव बोलून भरत नव्हता.

आधी घरचे, म्हणून गिरगावात गेले. संपादक माणूस वाईट नव्हे. तुरुंग पाहिलेला, अंगावरचा एक सदरा वाळेपर्यंत दुसरा नसलेला. मी सगळं सांगितलं. सूत, खोका, पिवळी आधी. तो ऐकत होता, पण हाताने पुढचा अग्रलेख लिहीत होता.

"बाई, तुमचं सगळं खरं असेल," तो म्हणाला. "पण लोकांना आज वीर पाहिजे. घासलेट आणणाऱ्याच्या नावाने सभा भरत नाही."

"गोळी घासलेट आणणाऱ्यालाच लागली."

"अहो, आपण त्याला मोठा केला! ते गुंड म्हणतात, आपण वीर म्हणतो. त्याच्या घरच्यांनी अभिमान बाळगावा."

"घरचे पाणी द्यायला तयार नाहीत."

त्याने लेखणी थांबवली. पण मग तो माझ्याकडे असा बघू लागला, जसं शिबिरातल्या नव्या मुलीला समजावून सांगायचं असतं. "आता खुलासा छापला तर ते काय म्हणतील? आम्ही खोटं छापतो म्हणतील. शत्रूच्या हातात कोलीत."

"मग खोटं छापू नका," मी म्हणाले. "कोलीत आपणच पेटवलं. आणि तेही त्यांच्याच आगीवर. जागेवर माणूस पाठवला होतात? लालबाग काय विलायतेत आहे? मी तिथेच राहते!"

"संचारबंदी होती."

"गोळी लागायला ती आड आली नाही. बातमी काढायलाच आली?"

खाली खिळे जुळवणाऱ्यांनी हात थांबवले होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. संपादक म्हणाला, "बघू पुढच्या अंकात." चळवळीत 'बघू' म्हणजे काय हे मला माहीत आहे. पुढचा अंक बाराव्यानंतर होता.

तिथून मी सरळ कोटात, म्हणजे फोर्टात गेले, त्या बड्या दैनिकाच्या कचेरीत. तिथे पंखे होते, आणि पंख्याखाली उपसंपादक. चष्मा पुसत पुसत तो म्हणाला, "बातमी अधिकृत गोटातून आलेली आहे."

"गोट लालबागला नाही. तुमचा माणूस आला होता का?"

"तुम्ही प्रत्यक्षदर्शी आहात?"

"बाटली माझी होती. निळी वात म्हणजे माझ्या आईचं सूत."

तो थोडा गोंधळला. मग सुटका सापडल्यासारखा म्हणाला, "असं करा. कोणकोणत्या बाटल्या कोणाच्या, हे रहिवाशांनी स्वतः येऊन सांगावं. आपापल्या नावानिशी. मग विचार करता येईल."

त्याला ठाऊक होतं की कुणी येणार नाही. गोळीबारानंतर पोलीस चाळीचाळीतून माणसं उचलत होते. ज्या खोक्याला पोलीस जाळपोळीचा खोका म्हणतात, त्यातली बाटली माझी, असं कोण सांगायला जाणार?

मजल्यावर मी विचारलं तेव्हा तेच झालं. दुपारची वेळ, पुरुष पाळीवर किंवा झोपलेले, बायका नळावर. बाळंतिणीची सासू म्हणाली, "माझा मुलगा गिरणीत बदली कामगार आहे गं, कायम नाही. त्याला उचललं तर?" दुसरी म्हणाली, "आमचं हिरवं सूत होतं की नाही तेच आठवत नाही." ती खोटं बोलत होती आणि तिलाही ते कळत होतं. माझी आई हंडा विसळत होती. मी म्हणाले, "आई?" आई म्हणाली, "तुझ्या बापाला विचारू दे."

मी भडकले. भडकले की मी भाषण करते. "दादा तुमच्यासाठी गेला आणि तुम्ही..." एवढं बोलले तोच खानावळवाली मावशी हंडा आपटून उभी राहिली.

"ए पत्रकवाली! बस कर तुझा भोंगा," ती म्हणाली. "ह्या बायका भित्र्या नाहीत. ह्यांना घरं आहेत. तुझं काय, तू तुरुंगात गेलीस तर हार घालतील." मग ती बायकांकडे वळली. "आणि तुम्ही गं! त्याने पिवळी आधी भरली का नाही भरली? भरली ना? मग सांगायला काय जीभ झडते? लाल सूत माझं. दुहेरी. मी सांगणार. उचलतात तर उचलू देत. चाळीस माणसांचं जेवण मग त्या फौजदारानेच करावं, भाकऱ्या थापून."

कुणीतरी हसलं. बाळंतिणीची सासू नळ बंद करून म्हणाली, "नाव नको घालूस पोरी. खोलीचा नंबर घाल. पिवळं सूत. येते मी." मग हिरवीला अचानक आठवलं. आई पदराने हात पुसत म्हणाली, "निळं तर मीच बांधलंय. त्यात बापाला काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी संचारबंदी नव्हती. बायका कोटात निघाल्या, प्रत्येकीच्या हातात आपल्या रंगाचं सूत बांधलेली दुसरी रिकामी बाटली. बसमध्ये कंडक्टर ओरडला, "अहो, घासलेट घेऊन चढायचं नाही!" मावशी म्हणाली, "वास घे बाबा, रिकामी आहे. भरलेली असती तर पोलीस मला गोळी घालून मोकळे झाले असते." कंडक्टरने घंटी ओढली.

उपसंपादकाच्या टेबलावर बायकांनी बाटल्या ओळीने उभ्या केल्या. लाल दुहेरी, पिवळी, हिरवी, निळी. तो उठून उभा राहिला. मावशीने लाल सुताचं टोक त्याच्या नाकापुढे धरलं. "ही तुमची वात. पेटवून बघा. बाटलीच्या बाहेर आहे, साहेब. बाहेर लोंबणाऱ्या सुताने आतलं घासलेट पेटतं कसं, ते छापा उद्या."

त्याने लिहून घेतलं. पाणी मागवलं, बायकांना बसायला सांगितलं. मला वाटलं जिंकलो. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, टेंडरांच्या जाहिरातींखाली, दोन ओळी आल्या: मृताजवळील द्रव घासलेट होते असे काही रहिवाशांचे म्हणणे आहे. बस. गुंड तसाच. वाती तशाच. मथळा पहिल्या पानावर आणि खुलासा टेंडरांच्या पायाशी. मी ते आबांना दाखवलंसुद्धा नाही. घासलेट होतं यावर दैनिकाचंही दुमत नव्हतं; ते कशाला होतं, हा प्रश्न होता.

आता हातात एकच राहिलं. पत्रक. तेच मला येतं.

मी लिहून काढलं आणि शेवटी हेही घातलं, की बड्या दैनिकाने न पाहता खोटं छापलं आणि आमच्या साप्ताहिकाने ते न पाहता उचललं. पहिल्याने गुंड केला, दुसऱ्याने वीर केला, आणि आमचा माणूस दोघांनीही नेला. चळवळीतल्या दोघा-तिघांना वाचून दाखवलं तर वादळ. "आपल्याच साप्ताहिकावर? डोकं फिरलंय तुझं?" एक म्हणाला, "ती ओळ काढ, आम्ही पैसे उभे करतो, हजारो प्रती छापू." मी म्हणाले, "ती ओळ काढली तर आबांचा प्रश्न तसाच राहतो. दोघांनी एकच छापलंय, मग खोटं कसं? हाच तर प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्या ओळीत आहे." ते उठून गेले. त्यातल्या एकाशी मी अजून बोलत नाही. तोही बोलत नाही, म्हणजे बरोबरी आहे.

गिरगावचा छापखाना मला बंद होता. चिंचपोकळीला एक जण पायाने चालवायच्या यंत्रावर लग्नपत्रिका आणि गणपतीच्या पावत्या छापतो. त्याने मजकूर वाचला, डोकं खाजवलं. "पोलीस आले तर काय सांगू?"

"सांगा, लग्नपत्रिका समजून छापली."

"कागद तर पत्रिकेचाच उरलाय. गुलाबी आहे. चालेल?"

गोळीबारावरचं पत्रक गुलाबी कागदावर! पण मजकूर काळा होता, दिसत होता. मी म्हणाले, "चालेल. भिंतीवर लांबून दिसेल."

मजकूर असा होता. आमच्या मजल्यावरचा माणूस मजल्याचं घासलेट आणायला गेला आणि परत येताना गोळीने मेला. बाटल्यांच्या गळ्यात वाती नव्हत्या, ओळखीचं सूत होतं. लाल सूत अमुक खोलीचं, पिवळं अमुक खोलीचं, हिरवं, निळं. ज्याला खात्री करायची असेल त्याने येऊन बाटल्या पाहाव्या. चहा मिळेल. हे शेवटचे दोन शब्द मावशीने घालायला लावले.

पत्रकं ओली असतानाच मी आणली. आबा खोलीत भिंतीला टेकून बसले होते. भटजी उद्या येणार होते, आणि वहिनीने आबांना एकदाही पुन्हा विचारलं नव्हतं. मी एक पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. अक्षर अक्षर लावत वाचलं. बोट एकेका शब्दाखाली. मजल्यावरच्या बायका दारात जमल्या होत्या, बाळंतिणीचं पोर रडत होतं.

साप्ताहिकाच्या ओळीपाशी बोट थांबलं. "तुज्याच लोकांनी?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्याच."

"आणि तू ह्या छापलंस?"

"हो."

ते पुढे वाचत गेले. लाल, पिवळं, हिरवं, निळं. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वर गेले, जणू काही राहिलं होतं. मग वहिनीकडे वळले.

"ह्यात आपला सूत खयचा? आपल्या खोलीचा रंग हयसर नाय."

वहिनी दाराकडे बघत होती. "आपली बाटली नव्हती हो त्यात," ती म्हणाली. "आपल्याकडे घासलेट होतं. भरलेली बाटली अजून तशीच आहे बघा, कोपऱ्यात. पांढऱ्या सुताची."

मला हे माहीत नव्हतं. मजल्यावर कुणालाच नव्हतं. मावशीने आत येऊन ती बाटली उजेडाला धरून पाहिली.

आबांनी चष्मा काढला. पत्रकाची घडी घातली, बड्या दैनिकाचं पान उचललं आणि ते नातीच्या हातात दिलं, खेळायला. "भटाक येऊ दी उद्या," ते म्हणाले. "मी बसतंय."

वहिनी तेव्हा रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. कुणी तिला गप्प केलं नाही.

बारावं झालं. दुपारी पानं उचलली गेल्यावर आबा गॅलरीत आले, टोपी नीट केली आणि ओरडले, "घासलेट कोणाक व्हया? बाटल्यो भायर काडा!"

आधी कुणाला कळेना. मग पिवळी आली, मग हिरवी. मावशीच्या दोन. आईने निळी आणून ठेवली. सोडावाल्याकडून नवा खोका आला. आबांनी एक बाजू धरली, दुसरी मी. काखेत पत्रकांचा गठ्ठा आणि खळीचा डबा, कारण वाटेत भिंती होत्याच.

बाटल्या भरून परत येताना नाक्यावर हवालदाराने हटकलं. त्याच नाक्यावर. काठी खोक्यावर टेकवून म्हणाला, "काय आहे यात? आणि हे तोंडाला काय बांधलंय?"

आबांनी खोका खाली ठेवला. माझ्या काखेतलं एक गुलाबी पत्रक ओढलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं.

"वाचूक येता मा?" ते म्हणाले. "मगे सगळा वाच. आमी हयसरच उबे आसंव."

हवालदाराने आमच्याकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं, आणि वाचायला लागला. तो वाचत होता तोवर मी मागच्या भिंतीला खळ लावून घेतली.